छाट

पत्रात कारण एका ओळीत होतं:
रकाना क्रमांक बारा, माहिती दडवली.
सबब सुरक्षा मंजुरी नाकारण्यात येत आहे.
खाली सही, सहीवर शिक्का,
आणि अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत:
तीस दिवसांत अपील करता येईल.

रकाना बारा विचारत होता,
आपल्यावर किंवा घरातल्या कुणावर
कधी गुन्हा नोंद झाला आहे काय?
मी लिहिलं होतं, नाही.
निळ्या शाईत, न थांबता,
विडी घरकुलातल्या आमच्या ओट्यावर बसून,
नळाला पाणी यायच्या आत.
अम्माला विचारलं नव्हतं.
विचारायचं काय?
तिचा गुन्हा म्हणजे फार तर
शेजारणीची कात्री परत द्यायला विसरणं.

सोळा वर्षांपूर्वीचा मोर्चा निघाला कागदातून.
कलेक्टर कचेरीसमोर रस्ता अडवला,
हजार विड्यांमागे चार रुपये वाढवा म्हणून.
आरोपी क्रमांक एकतीस:
भूलक्ष्मी अंबादास मेरगू.
नावं लिहून घेतली, संध्याकाळी सोडून दिलं.
बायका चालत घरी आल्या, विसरल्या.
कागद विसरला नाही.

“मी नुसती बसले होते, बिड्डा,” अम्मा म्हणाली.
“ऊन होतं. तुझ्या डोक्यावर माझा पदर होता.”

म्हणजे मीही होते.

सात रस्त्याजवळ, जिना चढून वरच्या खोलीत,
हिरेमठ वकिलांनी मसुदा वाचून दाखवला:
‘अर्जदाराचा आईच्या विचारांशी व कृत्यांशी
कोणताही संबंध नव्हता व नाही.’
हे वाक्य चालतं, म्हणाले,
तीन अपिलांत चाललंय.
घरी येऊन अम्माला सांगितलं.
तिनं सुपातून मान वर केली नाही.
“लिही की. लिहिल्यानं काय तू दुसऱ्याची होतेस?”

ती हजार विड्या घेऊन कारखान्यात जाते.
चेकर जुडी सोडतो, दोन बोटांत दाबून बघतो,
मूठभर विड्या बाजूला फेकतो. छाट.
का छाट, ते सांगत नाही.
छाटलेल्या विड्या परत देत नाही,
मजुरीतून मात्र कापतो.
तिथं तीस दिवस नसतात, तळाची ओळ नसते.
एवढ्या वर्षांत एकदाच तिनं विचारलं, का?
ते विचारणं म्हणजेच
आरोपी क्रमांक एकतीस.

मी वाक्य खोडलं.
वकील म्हणाले, मग माझी फी राहू दे,
आणि तुमची आशाही.

मा. अपील अधिकारी यांस,
रकाना बाराचं माझं उत्तर चुकलं.
दडवलं नाही, माहीत नव्हतं;
दोन्हींत फरक आहे, तो आपण करावा.
सदर भूलक्ष्मी ही माझी आई.
त्या दिवशी तिच्या मांडीवर एक मुलगी होती, वय सहा.
पोलिसांच्या यादीत ती नाही.
ती मी. कृपया नोंद व्हावी.
आपल्या प्रयोगशाळेत मला तराजू सांभाळायचा आहे,
जिथं मिलिग्रॅम चुकला तर माणूस जातो.
माझ्या आईच्या चिमटीत
पंचवीस विड्यांना पंचवीस वेळा
तेवढाच तंबाखू येतो, न बघता.
माझा हात तिच्यावर गेलाय.
आपली, वनजा अंबादास मेरगू.

(शेवटच्या काही ओळी अपिलात बसत नाहीत,
हे मला कळतं. तशाच ठेवल्या.)

डिंक सुकला होता. अम्मानं पाकिटाची कड
नखानं दाबली, विडीचं तोंड मिटतात तशी.
मग विचारलं,
“हे लोक कारण सांगतात ना?”
“सांगतात. एका ओळीत.”
“मग बरं आहे,” म्हणाली,
आणि सूप पुन्हा मांडीवर ओढलं.
हजाराला अजून दोनशे कमी होत्या.